काळी चार

बालाघाटात लॅटिन जॅझ वाजवणारा एकच माणूस होता, आणि विवेक खोब्रागडेला ते एकटेपण मनापासून आवडायचं. लग्नाच्या ऑर्केस्ट्रांत त्याच्याहून वेगानं बोटं चालवणारे दोघेतिघे होते, गोंदियाला तर कितीतरी. पण ते जे वाजवायचे ते सगळ्या गावाला पाठ होतं. विवेक जे वाजवायचा त्याचं नावही लोकांना धड घेता येत नव्हतं, त्यामुळे ते चांगलं की वाईट हे ठरवायचा अधिकार एकट्या विवेकचा होता. हेवेखोर माणसाला याहून सुरक्षित जागा मिळत नाही.

आणि तो हेवेखोर होता. हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. वडील महागूजी भरवेलीच्या खाणीत कामाला होते आणि रविवारी विहारात भीमगीतांच्या मंडळात पेटी वाजवायचे. लोक वडिलांना वाहवा द्यायचे तेव्हा सात वर्षांचा विवेक उठून बाहेर जायचा. वडिलांचा अभिमान वाटायला हवा, एवढं त्याला कळत होतं. अभिमानाच्या जागी जे होतं त्याला तेव्हा नाव नव्हतं.

अठराव्या वर्षी तो ऑर्केस्ट्रात कीबोर्डवर बसला. तालमी एका राइस मिलच्या गोदामात व्हायच्या. कीबोर्डवर तयार ठेक्यांची बटनं ओळीनं होती. वरच्या ओळींवर बोटांचं तेल चढलेलं, सगळ्यात खालच्या ओळीवर नुसती कोंड्याची धूळ. त्या ओळीवर लॅटिन असं लिहिलं होतं. एका दुपारी बाकीचे जेवायला गेले असताना त्यानं त्यातलं एक बटन दाबलं. ठेका सुरू झाला आणि ठेक्यावर पियानो. पियानोचा उजवा हात एकच लहान वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, पण प्रत्येक वेळी ठोक्याच्या जरा आधी. बोलावण्याआधीच दारात येऊन उभा राहणारा माणूस असतो, तसं. विवेक जेवायला गेलाच नाही.

पुढं सायबर कॅफेत अडखळत चालणाऱ्या व्हिडिओंमध्ये त्याला हवानाच्या कुठल्याशा गल्लीतला एक म्हातारा दिसला. बनियनवर पियानोपुढं बसलेला, मागं दोरीवर कपडे वाळत घातलेले. म्हातारा खिडकीबाहेर कुणाशी तरी भांडत होता आणि हात वाजवत होते. विवेकनं तो व्हिडिओ शंभरदा पाहिला आणि शंभरही वेळा त्याला म्हाताऱ्याचा राग आला. त्याला हे कुणी शिकवलं नसणार. ते त्याच्या गल्लीत नळाच्या पाण्यासारखं येत असणार. विवेकला मात्र डावा हात उजव्यापासून वेगळा करायलाच अकरा महिने लागले. तीन टाळ्या आणि दोन टाळ्या, हा त्या संगीताचा कणा. तो कणा पाठीत बसावा म्हणून तो सायकल चालवताना हँडलवर, जेवताना ताटाच्या काठावर टाळ्या मोजायचा. लग्न झाल्यावर बायकोनं, रूपालीनं, पहिल्याच महिन्यात विचारलं होतं की हे काही दुखणं तर नाही.

मग त्यानं घराच्या पुढच्या खोलीत भिंतींना गोधड्या ठोकून ‘मैत्री रेकॉर्डिंग’ सुरू केलं. पोरं भीमगीतं घेऊन यायची, परसवाड्याकडची मंडळी लग्नाची गाणी घेऊन यायची. विवेक सगळ्यांच्या गाण्याखाली गुपचूप आपला पियानो सरकवायचा. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत ती गाणी वाजायची तेव्हा तो फुटपाथवर उभा राहून लोकांच्या पायांकडं बघायचा. पाय जरासे आधी उचलले जात. का, ते नाचणाऱ्यांना ठाऊक नसे. ते फक्त त्यालाच ठाऊक होतं, आणि हेच त्याचं सुख होतं.

त्याच्या वाजवण्याची एक रीत इथं सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच फिरलं. इकडचे बहुतेक कीबोर्डवाले वाजवतात तसाच तोही सगळं पांढरी एकमध्ये, म्हणजे पहिल्या पांढऱ्या पट्टीला सा मानून, वाजवायचा. गाणारा कुठल्याही पट्टीत गावो, बोटं त्याच पांढऱ्या पट्ट्यांवर. कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटन असतं. गाणाऱ्याची पट्टी काळी चार असली की ते बटन चार वेळा खाली दाबायचं, मग बोटं पांढरी एक वाजवतात आणि आवाज काळी चारचा येतो. बावीस वर्षं विवेकचा डावा अंगठा गाणं सुरू होण्याआधी त्या बटनावर जात होता. हे करणं त्याच्या लक्षातही राहिलं नव्हतं. चष्मा लावणाऱ्याला काच दिसत नाही.

संघमित्रा त्याच्या चुलत बहिणीची, पुष्पलताची मुलगी. बारा वर्षांची असताना शिकायला आली. शाळा हिंदी असल्यानं दिवसभर हिंदीतच बोलायची, मराठी फक्त मामाशी आणि आजीशी. पहिली दोन वर्षं विवेकनं तिला मनापासून शिकवलं. शिकवण्यात त्याला आनंदच होता, कारण ती चुकायची.

चौदाव्या वर्षी एक दिवस ती स्वयंपाकघरात रूपालीशी बोलत पोहे खात होती आणि दुसऱ्या हातानं ओट्यावर टाळ्या धरत होती. तीन आणि दोन. मध्येच ती हसली, पाणी प्यायली, टाळ्या जागच्या हलल्या नाहीत. विवेक दारात उभा होता. त्याला स्वतःचे अकरा महिने आठवले.

त्यानंतरच्या पावसाळ्यात तो कोपऱ्यावर चहा प्यायला गेला होता. तिरोडीहून गाणं रेकॉर्ड करायला आलेला एक माणूस त्याच्या घरासमोर थांबून कान देऊन ऐकत होता. आतून पियानो येत होता. विवेक मागून जवळ आला तरी त्या माणसानं वळून पाहिलं नाही. म्हणाला, “थांबा जरा भाऊ. विवेकभाऊ वाजवून राह्यले. आज काहीतरी अलगच हात लागला त्यायचा.”

विवेक पाच मिनिटं त्याच्या शेजारी उभा राहिला, स्वतःच्याच घराबाहेर, आणि मी विवेक आहे हे त्यानं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं माळ्यावरचा जुना कीबोर्ड काढून संघमित्राला दिला. स्क्रीन मेलेली, ठेक्यांची बटनं अर्धी बंद, ट्रान्सपोजचं बटन दाबलं तरी काही होत नव्हतं. इथं गिऱ्हाइकं येतात, तू घरी बसून सराव कर, आठवड्यातून एकदा दाखवायला ये, असं त्यानं सांगितलं. पुष्पलतेनं भावाचे आभार मानले. रूपाली रात्रीच्या भाकरी थापताना म्हणाली, “पोट्टीवर राग नाही तुमचा. तिच्या बोटायवर आहे.” विवेकनं तिला विचारलं की भाजीत मीठ का कमी पडलं. मीठ बरोबर होतं.

पाच वर्षं गेली. संघमित्रा कॉलेजात गेली, विहारातल्या वंदनेला बायकांबरोबर वाजवू लागली. दाखवायला यायची तेव्हा विवेक तिला सोपं काहीतरी वाजवायला लावायचा आणि फोनवर बोलत राहायचा. ऐकायचं नाही म्हणून काही ऐकू येणं थांबत नाही. पण फोन कानाला असला की चेहरा लपतो.

या वर्षी फेब्रुवारीत त्यानं जन्मभराचं काम काढलं. लीलाबाई नावाच्या गायिका आहेत, अडुसष्ट वर्षांच्या, त्याच्या वडिलांच्या मंडळात गायलेल्या. त्यांची चार जुनी भीमगीतं, आणि खाली फक्त पियानो, बास गिटार आणि ढोलकी. लॅटिन, पण या वेळी गुपचूप नाही, उघड. विवेक निर्माता, विवेक पियानोवर. आणि पियानो खराखुरा हवा. उकव्याला खाणीच्या जुन्या क्लबात एक पियानो आहे हे त्याला कळलं होतं. जबलपूरहून माणूस आणून त्यानं तो सुरात लावून घेतला. खालच्या तीन पट्ट्या मेलेल्याच राहिल्या, बाकीच्या बोलू लागल्या. संघमित्राला त्यानं वायरी धरायला आणि लॅपटॉपवर बसायला बरोबर घेतलं. दुसरं कुणी तसं विश्वासाचं नव्हतं, आणि तिनं त्याला खऱ्या पियानोवर बसलेलं पाहावं अशीही इच्छा होती. तिला हरवायची ती एक जागा होती.

सकाळच्या बसनं सगळे घाट चढून उकव्याला गेले. क्लबच्या हॉलमध्ये कॅरमची मोडकी टेबलं भिंतीला लावली होती. विवेक पियानोपुढं बसला. त्यानं जन्मात पहिल्यांदा खऱ्या पियानोला हात लावला, पांढरी एकमध्ये आपलं वाक्य म्हटलं, आणि हॉलचं लाकूडसुद्धा त्याला उत्तर देऊ लागलं. त्याचे डोळे भरून आले. लीलाबाई म्हणाल्या की छान आहे बाप्पा, चाल आता. त्यांनी आलाप घेतला. काळी चार.

विवेकचा डावा अंगठा डाव्या बाजूच्या लाकडाकडं गेला आणि तिथंच थांबला.

खऱ्या पियानोला बटन नसतं. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. माइक, वायरी, इनव्हर्टर, परवानगीचं पत्र, सगळ्याची त्यानं यादी केली होती. पण माहीत असलेली ही एक गोष्ट बावीस वर्षांत बोटांपर्यंत उतरलीच नव्हती. त्यानं काळी चारवर बोट ठेवलं. तिथून पुढचा सूर शोधला, मग त्याच्या पुढचा. वाक्याचे तुकडे पडले. जे दारात आधी येऊन उभं राहायचं ते आता पत्ता विचारत फिरत होतं.

त्यानं लीलाबाईंना पांढरी एकमध्ये गाऊन बघायला सांगितलं. वरच्या सुरावर त्यांना खोकला आला. खालच्या सप्तकात गायल्या तर शब्द घशातच राहिले. तिसऱ्यांदा त्यांनी गायलंच नाही. तेवढ्या वेळात ढोलकीवाला आणि बासवाला खिडकीबाहेर बघू लागले होते.

संघमित्रा लॅपटॉपमागून म्हणाली, “मामा, मैं देखूँ क्या? नाही मतलब, तुम्ही थकले असान त.”

तो उठला. उठण्यावाचून दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. ती बसली, एकदाही पट्ट्यांकडं नीट न बघता काळी चारमध्ये वाक्य सुरू केलं, आणि लीलाबाईंनी त्यावर गाणं उचललं. पहिलं गाणं एका दमात झालं. दुसरं त्यांनी गंमत म्हणून अर्ध्या सुरानं वर घेतलं, तर पियानो त्यांच्याबरोबर वर गेला. लीलाबाई गाता गाता हसल्या आणि ते हसू रेकॉर्ड झालं. विवेक लॅपटॉपपुढं हेडफोन लावून बसला होता, त्यामुळं त्याला प्रत्येक सूर इतरांपेक्षा जवळून ऐकावा लागला. ते त्याचंच वाक्य होतं. त्यानं शिकवलेलं. पण त्याच्याकडं ते कायम जपून ठेवल्यासारखं यायचं, आणि तिच्याकडं त्याला कुठंही जायची मुभा होती. हवानाच्या म्हाताऱ्याचा राग त्याला परवडला होता, तो समुद्रापलीकडं होता. ही मुलगी पुढच्या गल्लीत राहत होती.

चारही गाणी झाल्यावर लीलाबाईंनी तिला विचारलं की हे कुठं शिकली.

“मामानंच शिकवलं ना,” ती म्हणाली. “मले जाणूनबुजून बटन बंद असलेला कीबोर्ड दिलता त्यायनं. आदत बिगडू नये म्हणून. विहारात बायका कोणत्याबी पट्टीत गातात, मग सगळ्या पट्ट्या शोधाच लागल्या.”

सगळ्यांनी विवेककडं आदरानं पाहिलं. ढोलकीवाला म्हणाला की गुरू असा पाहिजे. विवेकनं मान हलवली. हे मान हलवणं त्याला नंतर बरेच दिवस मानेतच दुखत राहिलं. तिला हरवायला दिलेल्या वस्तूनं तिला घडवलं होतं, आणि त्याचं श्रेय ती भाबडेपणानं त्याच्याच पदरात टाकत होती. त्याला तिचा भाबडेपणाही सहन झाला नाही.

बालाघाटला परतल्यावर खरी गोष्ट त्याच्या हातात आली, कारण शेवटी तो निर्माता होता. संघमित्राचा पियानो लोकांनी ऐकायचा की नाही, हे आता त्याच्या एका बोटावर होतं. त्यानं आधी स्वतः कीबोर्डवर, बटन दाबून, चारही गाण्यांचा पियानो पुन्हा वाजवून पाहिला. सुरात होता, तालात होता, आणि लीलाबाईंचं गाणं त्याच्यापासून एक पाऊल लांब उभं राहत होतं. त्यांनी दुसऱ्याच्या पियानोवर भार दिला होता. त्यानं आपलं काढून टाकलं. म्हणजे तेवढा प्रामाणिकपणा त्याच्यात होता. मग दुसरा मार्ग त्यानं निवडला. त्याच्या छोट्या यंत्रावर फेडर आहेत, म्हणजे एकेका वाद्याचा आवाज वरखाली करायच्या सरकत्या खुंट्या. पियानोची खुंटी तो रोज थोडी खाली आणू लागला. सोमवारी गायिका स्पष्ट यावी म्हणून. मंगळवारी ढोलकीला जागा हवी म्हणून. बुधवारी कारण शोधायचीही गरज उरली नाही. पियानो तिथं होता, कुणी शोधलाच तर सापडला असता.

नावांचा कागदही तयार केला. निर्मिती, संगीत संयोजन, मार्गदर्शन: विवेक खोब्रागडे. पियानोची ओळ त्यानं सगळ्यात शेवटी, ढोलकीच्या खाली टाकली.

शनिवारी दुपारी लीलाबाई ऐकायला आल्या. खोलीतला पंखा त्यानं बंद केला. चारही गाणी त्या डोळे मिटून ऐकत बसल्या. संपल्यावर त्यांनी पाणी मागितलं, प्यायल्या, पेला खाली ठेवला.

“पोरीचा बाजा कोठी गेला?”

“आहे ना आत्या. मागं आहे. तुमचा आवाज झाकू नये म्हणून.”

“माहा आवाज चाळीस वर्षं लाउडस्पीकरवाल्यायनं नाही झाकला, ते पोट्टी काय झाकन?” त्या म्हणाल्या. “मी तेथी तिच्या खांद्यावर हात ठेवून गायली. इथी आयकलं त वाटते म्हातारी एकटीच हात हवेत धरून उभी आहे.”

विवेक तांत्रिक बोलू लागला. मिक्सिंग, फोनचे लहान स्पीकर, आजकाल लोक कसं ऐकतात. त्यांनी मध्ये तोडलं नाही. तो थांबल्यावर त्यांनी खुंट्यांकडं बोट केलं आणि यातला पियानो कोणता ते विचारलं. त्यानं दाखवला.

“मले त्यातलं समजत नाही,” लीलाबाई म्हणाल्या. “एकच सांग. तू वाजवला असता त किती ठेवला असता?”

उत्तर द्यायच्या आधीच त्याच्या बोटानं खुंटी वर नेली. विचार मागून आला. बोट जिथं थांबलं ती जागा गायिकेच्या अगदी लगत होती, केसभर खाली. तिथंच ठेवला असता. त्यात खोटं काही नव्हतं, आणि आता खोटं बोलायला वेळही राहिला नव्हता. खुंटी दोघांच्या समोर तिथं उभी होती.

लीलाबाईंनी तिच्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. ओरडल्या नाहीत. “हौ,” म्हणाल्या, “मले वाटलंच. तुहा बापबी असाच होता. मी गाऊ लागली का पेटीचा भाता जोरानं हलवे. कधी सांगितलं नाही मी तुले.” मग त्यांनी चप्पल पायात घातली आणि जयभीम म्हणून गेल्या.

विवेकनं पंखा पुन्हा सुरू केला. वडिलांनाही हे होतं, या गोष्टीनं त्याला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट, आपला हेवाही आपला नाही, तोही पेटीसारखा वारशानं आलेला, असं वाटून तो आणखी एकटा पडला. त्यानं चारही गाण्यांत पियानो त्या जागी आणला. एकदा पहिल्यापासून ऐकलं. गाणं आपल्या पायावर उभं राहिलं होतं आणि ते किती चांगलं आहे हे बालाघाटात त्याच्याइतकं कुणाला कळणार नव्हतं. ही शिक्षा खास त्याच्याचसाठी बनवलेली होती. कागदावर त्यानं पियानोची ओळ लीलाबाईंच्या लगेच खाली आणली आणि ‘मार्गदर्शन’ हा शब्द खोडला.

संध्याकाळी संघमित्रा कॉलेजातून आली. रूपालीनं तिला चहा दिला. ती हेडफोन लावून ऐकत बसली. विवेक तिच्या चेहऱ्याकडं न बघता वायरी गुंडाळत होता, तरी दिसतच होतं. दुसऱ्या गाण्यात तिनं ओठ आवळले. तिसऱ्यात मान खाली घातली. संपल्यावर तिनं हेडफोन काढले.

“मामा, अच्छा है. पण पियानो जास्त वाटून राह्यला. मले शरम येते. थोडा कमी करा ना, लीलाआजीचं गाणं आहे ते.”

विवेकचा हात खुंटीवर होता. आठवडाभर त्यानं ज्याच्यासाठी कारणं जमवली होती ते आता कुणीतरी आपणहून, विनंती करून, त्याच्यापुढं ठेवत होतं. एक बोट खाली आणायचं होतं. तिनं सांगितलं म्हणून केलं, असं पुढं आयुष्यभर म्हणता आलं असतं.

“नाही,” तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच रागीट वाटला, आणि तो रागीटच होता. “एवढाच राहीन.”

“पण मामा...”

“म्हटलं ना. तुले वाजवता येते, किती आयकू आलं पाहिजे ते मले कळते. जा, मामीजवळ बस.”

ती थोडी घाबरून, थोडी हसून आत गेली. आतून तिचा आणि रूपालीचा बोलण्याचा आवाज येऊ लागला. विवेकनं फाइल पक्की केली. स्वतःचा आवाज जास्त वाटतो म्हणून कमी करा, हे वाक्य आपल्या तोंडून बावीस वर्षांत एकदाही निघालं नव्हतं, हे त्याच्या लक्षात आलं. आणि त्याचाही त्याला हेवा वाटला.